मोडक्या गाड्यांची शर्यत आणि आपण



या अंकाचं संपादकीय गाड्यांच्या शर्यतीवर लिहायचं ठरलं, तेव्हा आमच्या संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठ ताईंनी चष्मा वर सरकवून विचारलं, "पेट्रोल जाळायचा हा पैसेवाल्या पोरांचा खेळ. आपल्या पानांवर कशाला?" प्रश्न रास्त आहे. पाणी, रेशन, पोटगी, घरातली मारहाण या विषयांनाच आपली पानं पुरत नाहीत. तरीही हा विषय घेतला, कारण तो बाहेरून आणलेला नाही. आमच्या रोजच्या कामातूनच तो पुढ्यात येऊन उभा राहिला.

आमची संस्था एकट्या बायकांसाठी चारचाकी चालवायचं प्रशिक्षण घेते. परित्यक्ता, विधवा, मार खाऊन एक दिवस पोरांसकट बाहेर पडलेल्या, अशा बायका येतात. महिनाभर सकाळी सहाला मैदानावर येतात, क्लच आणि गिअरशी झगडतात, परीक्षा देतात, पास होतात. लायसन्स हातात येतं त्या दिवशी पेढे वाटतात. आणि त्यानंतर तीन-चार महिन्यांनी त्यांच्यातलीच एखादी ऑफिसात येऊन म्हणते, "ताई, लायसन आलं, पण गाडी कुठाय? हात विसरला बघा."

हात विसरणं ही साधी गोष्ट नाही. तिच्याच गल्लीतला मुलगा चौदाव्या वर्षी मामाचा टेम्पो अंगणातल्या अंगणात मागेपुढे करतो. सोळाव्या वर्षी मित्राची जीप धुऊन देतो आणि बदल्यात एक चक्कर मारून येतो. लायसन्सच्या वयाला पोचेपर्यंत त्याच्या हाताखालून कितीतरी तास स्टिअरिंग गेलेलं असतं. त्यातले बरेचसे बेकायदा, हे खरं, पण तास ते तास. मुलगीही गाडी धुते. फक्त धुऊन झाल्यावर किल्ली भावाकडे जाते. पुढे कुणीतरी म्हणतं, 'बायकांना गाडी चालवता येत नाही,' आणि सगळे हसतात. उणीव धाडसाची नसते, कौशल्याचीही नसते. उणीव गाडीवर घालवलेल्या तासांची असते, आणि ते तास कुणाला मिळायचे हे घरात ठरतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शहराजवळच्या माळावर एका क्लबने ऑटोक्रॉस भरवला. मातीत वाट आखायची, एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायची, असा हा प्रकार. हौशी चालकांनाही प्रवेश आहे असं जाहिरातीत होतं. आमच्या दोघीजणी म्हणाल्या, "ताई, जाऊ या की." मीही गेले. प्रवेशाच्या टेबलावर बायकांसाठी वेगळा अर्ज होता आणि त्यात 'पती अथवा वडील यांची संमती' असा रकाना. पुरुषांच्या अर्जात तो नव्हता. आमच्यातली एक नवऱ्याचं घर सोडून आठ वर्षं झालेली, वडील वारलेले. तिने त्या रकान्यात स्वतःचंच नाव लिहिलं. टेबलामागच्या मुलाने ते वाचलंसुद्धा नाही.

'लेडीज राउंड' जेवणाच्या सुट्टीनंतर होता. तोवर सकाळच्या गाड्यांनी वाट पार खणून काढली होती आणि बघणारे निम्मे लोक घरी गेले होते. पुरुषांना रोख बक्षीस आणि चषक, बायकांना पैठणी. पैठणीला नाव ठेवायचं नाही, पण पैठणीत पेट्रोल भरता येत नाही. आमच्या मैत्रिणीने बहिणीच्या नवऱ्याची जुनी अल्टो मागून आणली होती. देताना त्याने बजावलं होतं, "ओरखडा उठला तर बघ." ती शेवटून दुसरी आली. परतीच्या एस.टी.त ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मला वळणाची भीती नाही वाटली. दाजींची वाटली."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मागून आणलेल्या गाडीने शर्यत खेळता येत नाही, आणि स्वतःची गाडी असणाऱ्या बायका किती? मग अशी एखादी जागा जगात कुठे आहे का, जिथे गाडीला ओरखडा उठणार हे गृहीत धरूनच खेळ मांडलेला आहे? शोधू लागल्यावर कळलं की आहे. ती जागा फिनलंड, स्वीडन, नॉर्वे या थंड देशांत आहे आणि रॅलीक्रॉस नावाच्या खेळाच्या पोटातून ती निघाली आहे.

रॅलीक्रॉस जन्माला आला तो टीव्हीसाठी. मोटारींच्या रॅली जंगलातून, डोंगरातून, रात्रीबेरात्री जातात. तिथे कॅमेरे पोचत नाहीत, प्रेक्षकाला एका वळणावरून गेलेली गाडी क्षणभर दिसते. म्हणून इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या लिडन हिल इथे ४ फेब्रुवारी १९६७ रोजी एक प्रयोग झाला. रॅलीच्या गाड्या एका बंदिस्त वाटेवर आणल्या. वाट अर्धी डांबरी, अर्धी मातीची, साधारण एक किलोमीटर लांब. एका वेळी चार-सहा गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून एकदम सोडायच्या, चार-सहा फेऱ्या, की संपलं. उतारावर बसलं की सगळी शर्यत नजरेच्या टप्प्यात. पहिली शर्यत व्हिक एल्फर्ड या रॅलीपटूने पोर्शे ९११ गाडीतून जिंकली. खेळ लोकांना इतका आवडला की तो युरोपभर गेला. १९७६ पासून युरोपची अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा आणि २०१४ पासून जागतिक स्पर्धा सुरू झाली. पुढे त्यात एक गमतीचा नियम आला. वाटेला एक फाटा असतो, त्याला 'जोकर' म्हणतात. प्रत्येक चालकाने शर्यतीत एकदा त्या फाट्याने जायचंच, पण कुठल्या फेरीत जायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. वेग आणि हिशेब दोन्ही लागतात. ज्यांनी घरखर्च चालवला आहे त्यांना हा खेळ समजायला वेळ लागणार नाही!

पण या खेळाचा वरचा मजला आपल्यासारख्यांसाठी नाही. वरच्या वर्गातल्या गाड्या सहाशे अश्वशक्तीच्या, दोन सेकंदांच्या आत ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठणाऱ्या. २०२२ मध्ये जागतिक स्पर्धेचा हा वर्ग विजेवर चालणाऱ्या गाड्यांकडे गेला, तेव्हा रिंगणात जेमतेम दहाएक गाड्या होत्या. प्रायोजक, तंत्रज्ञ, सुट्या भागांनी भरलेले ट्रक असा तो सगळा लवाजमा. त्यात हौशी माणसाला जागा प्रेक्षकांत.

खालच्या मजल्यावर मात्र वेगळंच जग आहे. फिनलंडमध्ये त्याला 'योकामिएहेनलुओक्का' म्हणतात, स्वीडनमध्ये 'फोकरेस', नॉर्वेमध्ये 'बिलक्रॉस'. स्वीडिश नावाचा अर्थ सरळ आहे, लोकांची शर्यत. फिनिश नावाचा अर्थ 'प्रत्येक माणसाचा वर्ग', आणि आपल्या ओळखीचीच गोष्ट अशी की त्या शब्दातला 'माणूस' हा पुरुष आहे. असो. नावाचं भांडण त्या बायका भांडतील. तिथल्या मुली-बायका त्या वर्गात गाड्या चालवतात एवढं खरं.

शर्यत रॅलीक्रॉससारखीच. आखूड वाट, डांबर आणि माती, एकदम सुटणाऱ्या गाड्या, एकमेकींना लागणारे धक्के. फरक गाड्यांत. भंगारात जायच्या बेतात असलेल्या जुन्या व्होल्व्हो, साब, टोयोटा आणतात. आतली सजावट, मागची बाकं आणि काचा काढून टाकतात. आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवतात, म्हणजे गाडी उलटली तरी टप खाली येऊन डोकं चिरडत नाही. खास खुर्ची, खांद्यावरून येणारे पट्टे, खिडकीला जाळी, डोक्याला हेल्मेट. ही सुरक्षेची सामग्री सक्तीची, तिच्यात सवलत नाही. इंजिनात मात्र फारशी ढवळाढवळ करायची नाही. स्वीडनमध्ये रस्त्यावर मोटार चालवायचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं, पण फोकरेसमध्ये पंधराव्या वर्षापासून उतरता येतं. मुलांचा, बायकांचा, वयस्करांचा असे वेगवेगळे वर्ग असतात. आई, मुलगी आणि आजोबा एकाच दिवशी एकाच मैदानावर उतरू शकतात.

आता त्या नियमाकडे येते ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच. फोकरेसमध्ये मैदानात उतरलेली प्रत्येक गाडी विकाऊ असते. तिची किंमत महासंघाने आधीच ठरवलेली असते आणि ती सगळ्या गाड्यांना एकच. काही हजार क्रोनर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नव्या स्कूटीच्या आसपास. शर्यती संपल्या की या खेळाचा परवाना असलेली कुणीही व्यक्ती अर्ज करून सांगू शकते, मला अमुक गाडी हवी. किंमत कमी नाही, जास्त नाही, ठरलेलीच. एकाच गाडीवर दोघांचे अर्ज आले तर चिठ्ठी टाकतात. मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हटलंच, तर त्याचा परवाना जातो.

मला हा नियम पहिल्यांदा समजला तेव्हा मी तो दोनदा वाचून काढला. यातलं शहाणपण बघा. समजा एखाद्या पैसेवाल्याने गुपचूप भारी इंजिन बसवलं आणि सगळ्यांना मागे टाकलं. संध्याकाळी कुणीतरी ठरल्या किमतीत ती गाडी घेऊन जाईल, इंजिनासकट. म्हणून तो बसवतच नाही. इथे श्रीमंतांना 'साधेपणाने खेळा' असं आवाहन केलेलं नाही, गरिबांना शिष्यवृत्ती दिलेली नाही. पैसा ओतण्यात काही फायदाच उरू नये, अशी मांडणी केली आहे. समाजकार्याचं शिक्षण घेताना समुदाय संघटनाच्या तासांना आम्ही 'सर्वांचा सहभाग' हे शब्द इतक्या वेळा लिहून घेतले की ते गुळगुळीत झाले. सहभाग नियमात कसा बसवायचा, याचं इतकं रोखठोक उदाहरण मला वर्गात भेटलं नव्हतं.

आणि आपल्या बाजूने पाहिलं तर याचा आणखी एक अर्थ आहे. ज्या गाडीची किंमत थोडी आणि जी संध्याकाळी कदाचित दुसऱ्याच्या घरी जाणार, तिच्यावर घराची इज्जत अडकत नाही. तिला ओरखडा उठतो, तिचा पत्रा चेपतो, ती उलटते आणि पुन्हा सरळ होते. तिथे दाजींची भीती नाही. चूक करायची मोकळीक मिळते, आणि मोकळीक मिळाल्याखेरीज कुणीच काही शिकत नाही. मुलग्यांना ती लहानपणापासून मिळते म्हणून ते 'उपजत' चालक वाटतात.

हे सगळं वाचून तिकडे स्वर्ग आहे असं कुणी समजू नये. मोटारींच्या खेळात बायका तिथेही थोड्याच आहेत. मैदानावरचा चहा-नाश्ता कोण करतं आणि पाना-पकड कुणाच्या हातात असते, हा प्रश्न आपण तिथे जाऊनही विचारू. मुद्दा इतकाच की दार उघडायचं तर ते कुठून उघडतं याचा धडा तिथे मिळतो.

आपल्याकडे, आणि एकूणच जगात, दुसरा मार्ग अधिक लाडका आहे. एक तारका शोधायची, तिचा सत्कार करायचा, 'पहा, बाई काय करू शकते' म्हणायचं आणि घरी जायचं. फ्रान्सच्या मिशेल मुतों हिने १९८१ मध्ये इटलीतली सानरेमो रॅली जिंकली. शेजारी वाट सांगणारी फाब्रित्सिया पोन्स, तीही बाई. जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी एका बाईने जिंकण्याची ती पहिली वेळ. पुढच्या वर्षी मुतों त्या स्पर्धेत सबंध हंगामात दुसरी आली. त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली. तिच्यानंतर दुसऱ्या कुठल्याही बाईला त्या दर्जाची रॅली जिंकता आलेली नाही. बायकांची ताकद त्यानंतर आटली काय? एक बाई जिंकली म्हणून पुढच्या बाईला गाडी मिळत नाही, इतकं साधं कारण आहे. २०१९ मध्ये बायकांसाठी 'डब्ल्यू सिरीज' निघाली. तिच्यात चालकाकडून पैसे घेत नसत, निवड गुणांवर होत असे. चांगलीच गोष्ट. पण सगळा डोलारा प्रायोजकांच्या पैशावर होता. तो आटला आणि २०२२ चा हंगाम अर्धवट सोडून मालिका बंद पडली. देणगीवर उघडलेलं दार देणगी संपली की मिटतं, हे आपल्या संस्थांना वेगळं सांगायला नको.

याउलट 'एक्स्ट्रीम ई' या २०२१ मध्ये सुरू झालेल्या, विजेच्या गाड्यांच्या खडकाळ मैदानी शर्यतीने एक नियम केला. प्रत्येक संघात एक पुरुष आणि एक बाई, आणि दोघांनी सारख्याच फेऱ्या मारायच्या. झालं! प्रत्येक संघाला बाईला सरावाचे तास द्यावेच लागले, कारण ती मागे पडली तर संघ मागे पडणार. पहिल्या वर्षी ऑस्ट्रेलियाची मॉली टेलर आणि स्वीडनचा रॅलीक्रॉस विजेता योहान क्रिस्टोफरसन या जोडीने अजिंक्यपद मिळवलं. स्वीडनची क्लारा अँडरसनही त्या मालिकेत चालवत होती. २०२२ मध्ये तीच रॅलीक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत पोर्तुगालमधल्या फेरीत तिसरी आली आणि विजयमंचावर उभी राहणारी पहिली बाई ठरली. तिचं कौतुक आहेच. पण तिला तास मिळाले, हे आधी लिहायला हवं.

मग बायकांचा वेगळा वर्ग असावा की नसावा? या प्रश्नावर आमच्या बैठकीत दोन तास गेले. काहीजणी म्हणाल्या, वेगळा वर्ग म्हणजे पुन्हा बायकांचा डबा. काहीजणी म्हणाल्या, डबा होता म्हणून तर लोकलमध्ये चढता आलं. मला स्वतःला पंचायतींच्या आरक्षणाचा अनुभव मार्गदर्शक वाटतो. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. सुरुवातीला 'सरपंच पती' मिरवले, अजूनही कुठे कुठे मिरवतात. पण ज्या गावांत बाईला खरोखर कागद वाचायला, ग्रामसभेत बोलायला, चुकायला मिळालं, तिथे ती पुढच्या वेळी खुल्या जागेवर उभी राहिली. वेगळा वर्ग दुपारच्या उन्हात, उकरलेल्या वाटेवर, पैठणीच्या बक्षिसाचा असेल तर तो सोहळा आहे. सकाळच्या वेळेला, त्याच वाटेवर, तेवढ्याच बक्षिसाचा आणि पुढे सर्वांच्या वर्गात जायची वाट असलेला असेल, तर ती पायरी आहे.

हे सगळं आपल्या मातीत रुजेल का, असं कुणी विचारील. मला वाटतं, आपल्या मातीत हे अर्धं रुजलेलंच आहे. नाशिकच्या परिसरात 'रॅली ऑफ महाराष्ट्र'ने कितीतरी वेळा धूळ उडवली आहे. तो झाला शहरी, खर्चिक भाग. पण गावच्या जत्रेत ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी चालवायच्या स्पर्धा होतात, त्या कुठल्या महासंघाने शिकवल्या? शंकरपट आणि बैलगाडा शर्यती तर शेतकऱ्याच्या रक्तात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात सशर्त परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात राज्याचा कायदा उचलून धरला. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायकांनीही जोड्या हाकल्या आहेत. मात्र या शर्यतींचं पुढे काय झालं तेही पाहा. नामांकित बैलाची किंमत लाखांच्या घरात गेली, पुढारी आणि बक्षिसांचे फलक आले, आणि ज्याच्या घरी दोन साधे बैल आहेत तो कुंपणाबाहेरून बघू लागला. खेळ वाढला आणि खेळणारे कमी झाले. मोटारींच्या शर्यती आपल्याकडे आज वाढू लागल्या आहेत. त्यांचं हेच व्हायचं नसेल तर नियम आत्ताच, खेळ लहान आहे तोवरच करायला हवेत. एकदा माळावर मोठा पैसा उतरला की सक्तीच्या विक्रीचा नियम कुणी मान्य करणार नाही.

जुन्या कार्यकर्त्यांना पुदुकोट्टई आठवत असेल. तामिळनाडूतल्या त्या जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम निघाली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकलसाठी बँकेची कर्जं मिळवून दिली. बायकांच्या सायकली बाजारात अपुऱ्या पडल्या, तर बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. काहींना त्याच सोयीच्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर पोर बसवता येतं. हिंमत आधीपासून होतीच. कर्ज मिळालं, शिकायला मैदान मिळालं, आणि हजारो बायका रस्त्यावर आल्या. आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८८ मध्ये देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या आणि २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झाल्या. त्यांना इंजिन घरून आणावं लागलं नाही. रेल्वेने प्रशिक्षण दिलं, तास दिले, इंजिन दिलं. घाट त्यांनी स्वतः चढवला.

राहिले आक्षेप. पेट्रोलचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचं वजन किती? फोकरेसची एक शर्यत म्हणजे काही किलोमीटरचं अंतर. आपल्या शहरात एका लग्नाच्या वरातीपुढे उभ्या असलेल्या जनरेटरचा धूर कुणी मोजला आहे? इजा होण्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. म्हणूनच पिंजरा, पट्टे, हेल्मेट, अग्निशामक, मैदानावर रुग्णवाहिका आणि प्रेक्षकांपुढे भक्कम बांध, यांत काटकसर चालणार नाही. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या आपल्या महासंघाच्या परवानगीशिवाय, गल्लीतल्या वेल्डरने जोडलेल्या पाइपांवर भरवसा ठेवून माळावर भरवलेल्या शर्यतीला आपली एकही मैत्रीण जाऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन. गाडी स्वस्त असावी, जीव नव्हे. आणि तिसरा आक्षेप, हा खेळ मुळात पुरुषी, वेगाची नशा चढवणारा. असेल. पण वेगाचा आनंद पुरुषांच्या नावावर कुणी लिहून दिला? मी त्या दिवशी आमच्या मैत्रिणीला शेवटच्या वळणावरून बाहेर पडताना पाहिलं. शेवटून दुसरी आली होती, धुळीने माखली होती आणि हसत होती. पोटगीच्या तारखांना मी तिच्याबरोबर कोर्टात तीन वर्षं गेले आहे. तसं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. या एका कारणासाठीसुद्धा मला हा विषय आपला वाटतो. बाईच्या आयुष्यात उपयोगाचं तेवढंच असावं, मौजेचं काही नको, हे आपणही किती काळ म्हणायचं?

आमच्या गटाने या वर्षी दोन कामं हाती घेतली आहेत. पहिलं, बारा जणींनी मिळून महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये बाजूला काढायला सुरुवात केली. वर्षाचे बहात्तर हजार होतात. त्यात जुनी, पण इंजिन धड असलेली गाडी मिळते. ती कुणा एकीची नसेल, किल्ली गटाच्या पेटीत राहील आणि प्रत्येकीला आठवड्याला दोन तास मिळतील. शर्यतीला उतरायचं की नाही हे नंतर बघू. आधी हात विसरायचा थांबू दे. पिंजरा मात्र मान्यताप्राप्त तांत्रिक तपासणीशिवाय बसवायचा नाही असं ठरलं आहे. त्याला वेगळे पैसे लागतील, ते जमतील तेव्हा जमतील.

दुसरं, आम्ही आमच्या भागातल्या दोन क्लबांना पत्र पाठवलं. संमतीचा रकाना काढा. बक्षीस सारखं ठेवा. बायकांची फेरी सकाळी घ्या. वेळ नोंदवायला, झेंडा दाखवायला, गाड्या तपासायला बायकांना शिकवून घ्या. मैदानावर बायकांसाठी संडास आणि पोरांना सांभाळायला एक मंडप द्या. आणि मुख्य म्हणजे, ठरल्या किमतीच्या, सक्तीने विकाऊ गाड्यांचा एक वर्ग सुरू करा. एका क्लबाकडून उत्तर नाही. दुसऱ्याने रकाना काढायचं कबूल केलं आहे, बक्षिसाचाही विचार करतो म्हणाले. विक्रीच्या अटीबद्दल मात्र लिहिलं आहे, 'याला सभासदांचा विरोध होईल.' होणारच. ज्यांच्याकडे गाड्या आहेत तेच सभासद आहेत. त्यांच्याशी बोलायला पुढच्या महिन्यात आम्ही सहाजणी जाणार आहोत. ज्या गटांच्या गावाजवळ मोकळा माळ आहे, कुणाकडे पडून असलेली जुनी गाडी आहे, किंवा आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेली मुलगी आहे, त्यांनी त्याआधी कळवावं, म्हणजे ते आकडे घेऊनच आम्हाला बैठकीत बसता येईल.